सुकदेवने ओढलेला हात

दुसऱ्या महायुद्धात आमची कंपनी इटलीत एका नदीच्या काठी तैनात होती. मी बुऱ्हाणपूरचा, सेक्शनचा हवालदार. माझ्या हाताखाली नाईक सुकदेव पाटील. तो शेजारच्या दापोऱ्याचा. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन खंदकात सज्ज राहणं, मग रायफलींची सफाई, चहा, खंदकांची डागडुजी. परेडच्या दिवशी फेटा. आपला फेटा आपणच बांधायचा, दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा आमच्या सेक्शनचा रिवाज. तो सुकदेवने पाडलेला.

एका सकाळी आम्ही पुढच्या बांधावर असताना शत्रूच्या मॉर्टरचे गोळे पडू लागले. वायरलेसवर आमच्या सेक्शनला हुकूम आला, “बेकर वन, पीछे हटो. ओव्हर.” मी जवानांना मागे पाठवलं. शेवटी निघालो तो काठावरून घसरलो आणि कमरेपर्यंत चिखलात रुतलो. सुकदेव परत फिरला.

“मागे जा! हुकूम आहे!”

“हुकूम मागून ऐकतो, दादा. हात द्या.”

त्याने दोन्ही हातांनी माझा उजवा हात ओढला. खांद्यातून कळ गेली, पण मी बाहेर आलो. बांधाआड मी पोहोचलो. सुकदेव पोहोचला नाही. पुढच्या गोळ्याने तो जागीच गेला.

माझं हाड मोडलं नव्हतं. रजेवर घरी आलो तेव्हा पत्नी सरस्वतीने जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला. “आता हा हलवायचा नाही,” ती म्हणाली. मलाही ते पटलं. दुखेल तसा मी हात अधिक जपत गेलो. काही आठवड्यांनी तो खांद्याच्या वर जाईना, पाठीमागे वळेना. त्या कुशीवर झोपणं बंद झालं.

त्याच सुमारास दापोऱ्याहून सुकदेवच्या आईचा निरोप आला. चावडीपुढे त्याच्या नावाचा दगड बसणार होता. पहिला सॅल्यूट हवालदाराने द्यावा, अशी तिची इच्छा होती. पलटणीत बोडक्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत. म्हणजे फेटा हवा, आणि फेटा बांधायला दोन्ही हात डोक्याच्या वर न्यावे लागतात.

मी मिलिटरी हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी स्वतः माझा हात उचलून पाहिला. त्यांनाही तो वर नेता आला नाही.

“फ्रोझन शोल्डर,” ते म्हणाले.

“साहेब, बर्फ इटलीत होता. हा तर बुऱ्हाणपूरच्या उन्हात गोठला.”

ते हसले. “बर्फाचा संबंध नाही. सांध्याभोवतीचं आवरण सुजून आवळलं आहे. बांधून ठेवलात म्हणून जास्तच. झोळी सोडा. शेक घ्या, मग रोज हलवा. दुखणं सोसेल तितकंच. कुणाला झटका देऊन ओढू देऊ नका. वर्ष जाईल, कदाचित जास्त. पण बहुतेकांचा सुटतो.”

रजा वाढवून मिळाली आणि घरी कवायत सुरू झाली. गरम पाण्याच्या फडक्याने शेक. मग कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि घंटेच्या लोलकासारखा हलवायचा. मग भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. जिथे पोहोचलो तिथे कोळशाची रेघ.

“अहो हवालदारसाब, पाल बी तुमच्यापेक्षा लवकर चढते,” सरस्वती म्हणायची.

“पालीला फेटा बांधायचा नसतो.”

कित्येक दिवस रेघ जागची हलली नाही. एकदा मी जोर केला, तर दुखणं वाढून रेघ खाली आली. त्यानंतर घाई केली नाही. दुसऱ्या वर्षाच्या केळीच्या हंगामात शेवटची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. सरस्वतीने ती भिंत सारवू दिली नाही.

सुकदेवच्या आईने दगड बसवणं तोवर अडवून धरलं होतं. त्या दिवशी फेटा मी स्वतः बांधला. सरस्वतीने फक्त आरसा धरला. चावडीपुढे अटेन्शन उभा राहिलो. हात भुवईपर्यंत गेला आणि थांबवायचा तितका वेळ थांबला.

सुकदेवची आई जवळ आली. तिने माझा खांदा चाचपला.

“त्यानं ओढला तो हाच का रे?”

“हाच, काकी.”

तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दगडावर लिहिलं होतं: नाईक सुकदेव पाटील, दापोरा.