तिसऱ्या गाडीतला माणूस

दादाच्या पासपोर्टात शिक्का मारायला जागा उरली नव्हती. कुठल्याही देशाबद्दल विचारलं की तो सांगायचा, "पार्किंग चांगलं होतं."

"अरे, तिथे समुद्र आहे म्हणतात," ताई म्हणायची.

"असेल. आम्ही मागच्या दाराने गेलो."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती, तिचा नवरा आणि दादा तळमजल्यावर राहायचे. वरची खोली मी भाड्याने घेतली होती आणि वर्षभरातच त्यांच्या घरचा होऊन बसलो होतो. भावजी बस आगारात मेकॅनिक. ताई पडद्यांच्या दुकानात कापड कापायची. घरी आल्यावरही तिच्या अंगठ्यावर कात्रीचा वळ दिसायचा. दादा राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यांवर सामान सांभाळायचा. निदान आम्हाला तसंच माहीत होतं. गल्लीत सगळे त्याला परराष्ट्रमंत्री म्हणत.

सामान सांभाळणाऱ्याचे हात इतके मऊ कसे, हा ताईचा नेहमीचा विषय. "पिठाची पिशवी उचलताना हा कण्हतो. तिथल्या ट्रंका कोण उचलतं रे? साहेब स्वतः?"

दादा हसून सोडून द्यायचा. तो दारूला शिवत नसे. कुणाच्या स्कूटरवर मागे बसत नसे. एकदा पाव कापताना त्याचं बोट कापलं. त्याने रक्त पुसायच्या आधी फोन उचलला आणि कुणाला तरी कळवलं. भावजी म्हणाले, "एवढ्याशा जखमेचा पंचनामा?" त्यावर आम्ही पुढे कितीतरी दिवस हसत होतो.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ताईला दिवस गेले. सातव्या महिन्यात इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळाची वार खाली सरकलेली आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल आणि रक्त खूप जाईल. तारीख दिली, पण एका अटीवर. तिच्या गटाचं रक्त आधीच आणून ठेवायचं. गट फार दुर्मिळ होता. घरातल्यांचं तपासलं, तर दादाचा तोच निघाला.

"सुंठीवाचून खोकला गेला," भावजी म्हणाले.

दादा जेवला नाही. संध्याकाळी वर माझ्या खोलीत आला आणि खिडकीशी उभा राहून बोलत राहिला.

पूर्वी तो एका गोदामात कामाला होता. तिथल्या शिबिरात त्याने रक्त दिलं. काही दिवसांनी दोन माणसं घरी आली. फार नम्रपणे बोलली. राष्ट्राध्यक्षांचा गट तोच होता. पिशवीतलं रक्त महिन्याभरात शिळं होतं, माणसातलं होत नाही. म्हणून साहेब खेड्यातल्या पुलाचं उद्घाटन करायला जावोत की समुद्रापार वाटाघाटींना, त्या गटाचा एक माणूस सोबत असतो. तिसऱ्या गाडीत, डॉक्टरांच्या शेजारी. कागदोपत्री तो सामानवाला. त्याने दुसऱ्या कुणालाही रक्त द्यायचं नाही.

"मग इतकी वर्षं तू करतोस काय?"

"बसून असतो. त्यांना काही झालं नाही, की माझं काम चोख झालं." तो हसला. "चालती-फिरती बाटली आहे मी."

मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. कोपराच्या आत निळी शीर दिसत होती. रोजचीच.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर भला माणूस, दर दौऱ्यात ताईची चौकशी करायचा. दादा म्हणाला, "जायच्या आधी एक पिशवी देऊन ठेवतो."

"शक्य नाही. दौरा तोंडावर आलाय. शस्त्रक्रिया तुम्ही परत आल्यावरच आहे ना? विमानातून उतरा आणि थेट इस्पितळात जा. गाडी मी देतो."

ऐकायला रास्त होतं. आम्हालाही पटलं. भावजी तेवढे म्हणाले, "रक्त तुझं आणि सोय त्यांची."

"त्याची नोकरी आहे ती," ताईने त्यांना गप्प केलं. "चार दिवसांनी काय बिघडतंय?" मग दादाला म्हणाली, "मागच्या दाराने का होईना, वेळेवर ये."

दौऱ्यात एक देश वाढला. शेजारच्या राष्ट्राने आग्रहाचं निमंत्रण दिलं, असं बातम्यांत आलं. दौऱ्यावर दादाचा फोन काढून घेत. तो कधी परतणार, हे आम्हाला वर्तमानपत्रातूनच कळायचं.

साहेब त्या देशात पोचायचे होते त्याच दिवशी दुपारी ताई दुकानात कापड मोजत होती. तिथेच रक्तस्राव सुरू झाला. मालकाने तिला पडद्याच्याच कापडात गुंडाळून गाडीत घातलं.

भावजी एका रक्तपेढीतून दुसरीत पळत होते. प्रत्येक जण पुढच्याचं नाव सांगत होता. मी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडची बाई फार शांत होती.

"सामान विभागातले कर्मचारी दौऱ्यावर आहेत. निरोप ठेवा."

"त्याच्या बहिणीला रक्त हवंय. त्याचंच लागेल."

"तुमचा निरोप घेतलाय."

मी पुन्हा लावला. पुन्हा घेतला.

इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद केलेला. साहेब विमानाच्या पायऱ्या उतरत होते. प्रकृती ठणठणीत. एका मुलीने फुलं दिली. मागे गाड्यांची रांग होती आणि तिसऱ्या गाडीच्या दाराशी दादा उभा होता. काळा कोट, हातात एक बॅग. ऊन लागत असावं, त्याने डोळ्यांवर हात धरला. मी खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ गेलो.

मागून परिचारिकेने विचारलं, "रक्ताचं काय झालं?"

कॅमेरा साहेबांकडे वळला होता.

ताईची मुलगी वाचली. ताई नाही.

डॉक्टरांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर गाडी तयार ठेवली. दादा इस्पितळाच्या दारात उतरला तेव्हा त्याने कोटाची बाही आधीच वर सारली होती. भावजी पायरीवर बसले होते. त्यांनी त्या उघड्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. ती बाही मीच खाली केली.

त्यानंतर त्या घरात बोलणं राहिलं ते दुधापुरतं. दादा बाळाच्या बाटल्या धुवायचा, उकळायचा, ओळीने पालथ्या घालायचा. भावजी लागेल ती उचलून न्यायचे.

महिन्याभराने देशातलाच एक दौरा ठरला, कुठल्याशा कालव्याचा. आदल्या दिवशी दादा त्याच इस्पितळात गेला आणि एक पिशवी रक्त देऊन आला.

"कुणाला दिलंस?" मी विचारलं.

"ज्याला लागेल त्याला. रिकामा माणूस त्यांच्या काय कामाचा? आता काढतील मला."

सकाळी गाडी आली. मी जिन्यात उभा होतो. डॉक्टर मुद्दाम खाली उतरले, ताईबद्दल दोन शब्द बोलले. दादाने हात पुढे केला. कोपराच्या आत कापूस आणि चिकटपट्टी.

डॉक्टर पट्टीकडे बघत राहिले. मग त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर समोर बघत होता.

"कधी दिलंत?"

"काल. एक पिशवी."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "असू द्या. एका पिशवीने काही होत नाही. बाही खाली घ्या. वर कळवायला नको, तुम्हालाही त्रास आणि मलाही. चला, बसा."

दादा जागचा हलला नाही. "काही होत नाही?"

"आजचा दौरा लहान आहे."

"मग तेव्हा..."

"उशीर होतोय," डॉक्टर म्हणाले. ते दादाच्या खांद्यावरून मागे बघत होते. भावजी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले आणि कडी लावल्याचा आवाज आला.

दादाने गाडीचं उघडं दार बाहेरून लावून टाकलं, साहेब लोकांचं लावतात तसं, हलक्या हाताने. डॉक्टर पुढच्या सीटवर जाऊन बसले. गाडी गेली. संध्याकाळी टीव्हीवर कालव्यात पाणी सुटलं, साहेबांनी हात हलवला. दादाची चौकशी करायला आजवर कुणी आलेलं नाही.

पण ते नंतरचं. गाडी वळून गेल्यावर दादा पायरीवर बसला. मी शेजारी बसलो. आत बाळ रडत होतं, मग थांबलं.

"मी एकदाच विचारलं रे," दादा म्हणाला. "ते नाही म्हणाले आणि मी बरं म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलंच नाही."