गेरूचा आकडा

जनगणनेच्या बाईंनी माझ्या दारावर गेरूने आकडा लिहिला. शेजारच्या शहाण्याने दारही उघडलं नाही, आतूनच ओरडला, "वेळ नाय!" गेरूच्या ओल्या वासाने मला लहानपणीचं धरमतरचं मिठागर आठवलं.

गेरूचा डबा घेऊन मोजणीचे गुरुजी चिखल तुडवत आमच्या हंगामापुरत्या खोपटाशी आले होते. बाबा ऐटीत म्हणाले, "घर गावात हाय, तिकडं मोजा." गावात काकांनी सांगितलं, "ती मिठागरावर हायत, तिकडंच मोजा." गुरुजींना कसं फिरवलं म्हणून सगळे हसले. मीही हसले.

गावभर हीच हुशारी चालली. पुढे मोजणीत वस्ती कमी भरली म्हणून हातपंप शेजारच्या गावाला मिळाला. आई नि मी तिथून हंडे वाहायचो. त्याच पाण्याने चूळ भरत बाबा विचारायचे, "सरकारला आमी माणसं दिसत नाय?"