जून बाभूळ

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला जमिनीवर बसता येत नव्हतं. अंगणातल्या उंचसखल मुरमावर प्लास्टिकची खुर्ची डगमगायची. त्यामुळे ती दिवसभर आत पलंगावर असायची आणि खिडकीतून शेळ्यांना हाका मारायची. कडुलिंबाखाली एक पक्कं बाकडं करायचं ठरलं. लाकूड मी बघते, असं मीच म्हणाले. एरवी मी घरात फारशी बोलत नाही, म्हणून सगळ्यांनी लगेच मान्य केलं.

आठवडाभर मोबाईलवर सागवान आणि पाइनबद्दल वाचलं. मग केजच्या सुतारकाकांना फोन करून उन्हापावसात काय टिकेल ते विचारलं. ते म्हणाले, जून बाभूळ बघा. तेव्हा मार्च चालू होता. मी वहीत 'बाभूळ, जून' असं लिहिलं आणि घरी सांगितलं, तीन महिने थांबावं लागेल. आई पुन्हा खिडकीकडे वळली.

जून लागल्यावर मी सुतारकाकांकडे गेले आणि आता बाभूळ मिळेल का, असं विचारलं. त्यांचा रंधा थांबला.

"जून म्हंजे पिकलेलं लाकूड, ताई. महिना न्हाई."

इंग्रजी शाळेत वाढलेल्या मला तो शब्द फक्त कॅलेंडरवर भेटला होता. माझे कान तापले. काकांनी जास्त न हसता विचारलं, घरी जुनं काही पडलंय का. गोठ्यामागे एक तुळई होती, विहिरीवर मोट चालायची तेव्हाची. शेळ्या तिच्यावर चढायच्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन तिचा वरचा पांढरट भाग खिळ्याने टोकरला. नुसता भुसा गळला. मग करवत चालवली. आत लाकूड गडद तांबडं, तेल लावल्यासारखं. खिळा माझ्या हातात दिला. मी सगळा जोर लावला, पण टोकही शिरलं नाही. पणजोबांच्या काळात भरलेल्या मोटेचा भार पेललेलं, नंतर कितीतरी पावसाळे उघड्यावर पडलेलं ते लाकूड आतून असं होतं, आणि मी लहानपणापासून त्याच्या शेजारून जात होते. मी त्यावर तळवा ठेवला.

बाकडं झालं. आई आधी जपून टेकली, मग ऐसपैस बसली.

"एवढे दिस कशापायी थांबलो गं आपण?"

मी खरं ते सांगितलं.

"आन् मला वाटलं, तुला दारात बाकडं नको असंल. शेळ्या, वास, त्यात मी बसलेली... तुझ्या मैत्रिणी येतेत."

मी जोरजोरात नकाराची मान हलवली. 'जून' आठवून आई हसायला लागली. तिचं सगळं अंग हललं, बाकडं मात्र हललं नाही.