नवव्या पानावरची चिठ्ठी

वसंतअण्णा गेल्याचा फोन मला कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत आला. माझे थोरले चुलतभाऊ, वय बहात्तर. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या पक्षाने शोकसभा घेतली आणि प्रत्येक खुर्चीवर अण्णांनी लिहिलेली म्हणून एक पुस्तिका ठेवली. मी खुर्च्या मोजल्या, साठ होत्या. साठही पुस्तिकांत नववे पान होते तसेच होते... महिना झाला, ते अजून सहन होत नाही.

बेंगळुरातल्या आमच्या चिकपेटेत हा पक्ष आला तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हते. पहिली बैठक राघोबा शिंप्यांच्या दुकानात झाली. माणसे सात, बसायला जागा व्हावी म्हणून कापड कापायचे टेबल रस्त्यावर काढले होते. अण्णा त्या सातांपैकी एक. पुढे दर निवडणुकीत अनामत जप्त व्हायची आणि दुसऱ्या दिवशी अण्णा व राघोबा भिंतींवरची आपलीच पत्रके खरवडून काढायचे. हरलो म्हणून लोकांच्या भिंती घाण ठेवायच्या का, असे अण्णा म्हणत. नंतर राघोबांचे पक्षाशी बिनसले आणि ते बाहेर पडले. पण मरेपर्यंत अण्णांचे शर्ट त्यांनीच शिवले.

नव्वदनंतर वारे फिरले. दिल्लीत पक्षाचे वजन वाढले तशा आमच्या गल्लीत मोटारी येऊ लागल्या. कालपर्यंत दुसऱ्या पक्षात असलेले एक ठेकेदार इथले अध्यक्ष झाले. त्यांनीच अण्णांना वॉर्डातल्या पक्षाचा इतिहास लिहायला सांगितले. अण्णांनी वर्षभर खपून तो लिहिला, प्रत्येक पराभव मतांच्या आकड्यासकट. छापून आला तेव्हा पराभव गायब, राघोबा गायब, आणि पहिली बैठक अध्यक्षांच्या वडिलांच्या घरी झालेली! हे वडील त्या काळात समोरच्या पक्षाचा प्रचार करत असत. लेखक म्हणून नाव मात्र अण्णांचे.

अण्णा कार्यालयात गेले, मी सोबत होतो.

"अण्णा, स्वल्प इकडंतिकडं व्हायचंच," अध्यक्ष म्हणाले. "हरलेलं कोण वाचतं?"

"मग वर तीस वर्षांचा इतिहास कशाला छापलंत? पाच वर्षांचा म्हणा."

सगळे हसले. चहा आला. पुस्तिका बदलली नाही.

तेव्हा अण्णांनी स्वतः चिठ्ठ्या छापून घेतल्या. पहिली बैठक राघोबा शिंपी यांच्या दुकानात झाली. चूक माझ्या नावावर आहे, म्हणून मी ती दुरुस्त करतो, एवढाच मजकूर. पिशवीत डिंकाची बाटली घेऊन, बस बदलत पार मारतहळ्ळीपर्यंत, पुस्तिका पोचलेल्या घरोघरी ते गेले. नवव्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, यादीत पेन्सिलीने खूण करायची. पहिले घर राघोबांच्या पत्नीचे. अक्कांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"टेबलाचंही लिहायचं होतं, अण्णा."

अण्णांनी तिथेच पेनाने ते लिहिले.

माझ्याकडे आले तेव्हा मी घाईत होतो. ठेवा, मी चिकटवतो, म्हणालो. एका ओळीसाठी एवढी पायपीट कशाला, असेही बोलून गेलो. त्यांनी चिठ्ठी ठेवली आणि निघाले...

शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी ती चिठ्ठी वाचून दाखवली. अध्यक्ष "सरी, सरी", बरं बरं, म्हणत उठले, माइक घेतला आणि अण्णांच्या निष्ठेवर वीस मिनिटे बोलले. त्या निष्ठावंताच्या नावावर छापलेली खोटी पुस्तिका बोलताना त्यांच्याच हातात होती. मागे घेणे सोडाच, त्यांनी ती वर धरून सभेला दाखवली.

वहिनींनी अण्णांची पिशवी मला दिली. यादीत नावे एकशे चौदा, खुणा एकशे तेरा. उरलेले नाव माझे. डिंक वाळला होता, त्यात कोमट पाणी घातले. रविवारी माझ्या पुस्तिकेत चिठ्ठी चिकटवली, कडेला टेबलाचे लिहिले आणि त्यांच्याच पेन्सिलीने खूण केली. आता यादीखाली त्या साठ खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे लिहीत आहे. चौतीस मिळाली. पिशवी दाराशी खुंटीला लावली आहे.