बैलाच्या डोळ्यांचा गणपती

आमच्या मराठी मुलांच्या बोर्डिंगात गणपती दरवर्षी बाजारातल्या कुंभाराकडून यायचा. एका वर्षी तो मी केला. तसं मी ठरवलं नव्हतं. पोळ्याला घरी पनागरला गेलो होतो. तिथे वडिलांची भाजीची वाडी आहे. आळीतल्या मुलांना पोळ्याचे मातीचे बैल करून देणं हे माझं लहानपणापासूनचं काम. त्यातली उरलेली एक जोडी येताना पिशवीत टाकली आणि बोर्डिंगातल्या खोलीच्या खिडकीत ठेवली.

खोलीतला माझा सोबती नागपूरच्या वकिलाचा मुलगा. त्याने एक बैल उचलून उलटसुलट पाहिला.

"हे तू केलं बे?"

"हो."

"मग गणपती काहून नाही करत? चार पायांच्या जागी चार हात. हिशोब तोच."

मी हसलो. त्याला तो होकार वाटला असावा. संध्याकाळी पंगतीत त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, आणि कुंभाराकडे कोणी गेलंच नाही.

पोळा आणि चतुर्थी यांच्यात फार दिवस नसतात. मला त्याची काळजी वाटली नाही, कारण बैल एका दिवसात वाळतो. नदीवरच्या ग्वारीघाटाच्या बाजूची चिकण माती आणून मी हातभर उंचीची मूर्ती केली, बैलासारखीच भरीव. चूक तिथेच झाली. एवढा मोठा गोळा पावसाळी हवेत आतून वाळेना. बाहेरून मात्र तो सुकत गेला आणि पोटावर आडवी भेग पडली. तोवर सोंडही खाली दबून जाड झाली होती. डावा कान उजव्यापेक्षा मोठा होता. आणि डोळे! आजवर माझ्या बोटांनी फक्त बैलांचे डोळे केले होते. लांबट, एकमेकांपासून दूर. तेच इथे उतरले.

मी मूर्तीवर जुनं धोतर टाकून ठेवलं आणि कोणाला बघू दिलं नाही.

माझ्याआधी आमच्या घरात कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजात उत्तर येत असलं तरी चुकेल या भीतीने मी उठून सांगत नसे. पण चुकलेलं उत्तर तासाभरात लोक विसरतात. हा गणपती विसर्जनापर्यंत सगळ्यांसमोर बसणार होता, आणि आजूबाजूची मराठी कुटुंबंही आमच्याकडे आरतीला येत. ते मला हसतील, मग मी कुठला, कोणाचा, हे विचारतील, आणि हसणं वडिलांपर्यंत जाईल, असं मला वाटत होतं.

हरतालिकेच्या दुपारी मी सोबत्याला म्हणालो, "मी कुंभाराकडून आणतो एखादा."

"काहून? झाला नाही का?" असं म्हणत त्याने धोतर उचललंच. क्षणभर पाहिलं आणि मोठ्याने हसला. "अरे, झूल आणा रे कोणी! शिंगं तेवढी राहिली!"

तो थट्टेखोरच होता, मनात काही नसे. पण माझे कान तापले. हसणं ऐकून बोर्डिंगातले सर्वांत मोठे विद्यार्थी आत आले; त्यांना आम्ही दादा म्हणत असू. ते बी.ए.च्या वर्गात होते आणि बोर्डिंगातली पूजा तेच सांगत. त्यांना पाहून मला सुटका दिसली.

"दादा, पोटाला भेग गेली आहे. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही ना?"

ते मूर्तीपुढे उकिडवे बसले. "खंडित केव्हा? प्राणप्रतिष्ठा झाल्यावर तुटली तर. आत्ता ही माती आहे. भेग बुजव."

"पण डोळे..."

"डोळ्यांचं काय? दोन आहेत की." ते उठले. "मात्र जे करायचं ते आज कर. उद्या अक्षता पडल्या की मग हात लावायचा नाही."

ते गेल्यावर मी भेग बुजवायला बसलो. वाळलेल्या मातीवर ओली माती धरेना. एका जागी लिंपलं की शेजारी तडकायचं. सोबती खाटेवर बसून बघत होता.

"जितकं लिंपून राहिला, तितकं फाटून राहिलं. चलो, हो गया. सोड आता."

भेग केसाएवढी उरली होती. मी हात धुतले. बाजारात गेलो नाही.

सकाळी दादांनी मंत्र म्हणून अक्षता टाकल्या. मग खरी अडचण सुरू झाली. आरतीला उभा राहिलो की मला तो डावा कानच दिसे. कडेची थोडी माती काढली तर जमेल, असं वाटून बोटं शिवशिवत. पण आता हात लावायची सोय नव्हती. कोणी "मूर्ती कुठून आणली?" असं विचारलं की सोबती सांगे, "इथंच झाली, बोर्डिंगात." मी तेवढ्यात पंचपात्र उचलून आत जाई. पुढे कोणी काही विचारलं की नाही, ते मला कधी कळलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरकारी कचेरीतल्या एका कारकुनाच्या पत्नी आरतीनंतर मागे थांबल्या. सोबती प्रसाद वाटायला गेला होता. मूर्तीपाशी मी एकटाच होतो.

"का हो भाऊ, कोणी केला हा?"

पंचपात्र माझ्या हातातच होतं. आत जाता आलं असतं.

"मी."

त्या वाकून पाहू लागल्या. मीही पाहू लागलो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते सुचेना.

"सोंड जाड झाली बाप्पा," त्या म्हणाल्या.

"हो. माती ओली होती, दबली." आणि मग मीच पुढे म्हणालो, "कानही. डावा मोठा झाला आहे."

"तो दिसला होता मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सांगू का नको."

मग पदर सावरून त्यांनी मूर्तीला नमस्कार केला, आणि पोटावरच्या रेघेचं काय झालं, तेही विचारलं. मी पंचपात्र खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.