रीताचे चार दिवस

सिंदी मेघेत माझ्या शेजारी किराणावाल्यांचं घर आहे. त्यांची धाकटी सून रीता महिन्यातले चार दिवस माझ्याकडे असायची. त्या घरी बाजूला बसण्याची पद्धत कडक. मी शिवाशिव पाळत नाही, म्हणून सासूबाई, शोभाबाई, तिला माझ्या पुढच्या खोलीत पाठवत आणि ताट ओट्यावर ठेवून लांबूनच हाक मारत. खोलीत माझ्या मुलाचा कॉम्प्युटर होता. रीता नागपूरला तेच शिकली होती, हे त्या घराच्या ध्यानातही नव्हतं. उरलेले सव्वीस दिवस तिला पोळ्या, धुणं आणि दुकानाच्या पुड्या.

जगभरची माणसं मिळून चालवतात, असा कॉम्प्युटरवरून गप्पा मारायचा एक फुकटचा प्रोग्राम होता. कुणीही त्यात भर घालावी. रीता घालत होती.

"नेमकं काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"काकू, एका मशीनमधे दहा प्रोग्राम चालतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मी ह्या गप्पावाल्याले दार करून देते. दुसऱ्यानं बाहेरून निरोप सरकवायचा, यानं आतून उत्तर द्यायचं. आत शिरायचं नाही, शिवायचं नाही." ओट्यावरच्या ताटाकडे पाहून ती हसली. "आमच्या घरासारखंच."

काम तो प्रोग्राम चालवणाऱ्यांकडे ३० नोव्हेंबर २००६ च्या आत पोचलं, तरच ते पुढच्या आवृत्तीत येणार होतं.

३ नोव्हेंबरला ती आली. सहा तारखेला गेली तेव्हा काम अर्धंच होतं. १९ ला पुन्हा आली. मी दोन्ही तारखा डायरीत लिहिल्या, विचारलं काही नाही.

२२ ला शोभाबाई ओट्याशी आल्या. "काकू, तुमी तं सारं लिहून ठेवता. रीता मागं कवा बसली होती?"

"तीन तारखेला," मी म्हणाले.

"सोळा दिवसांत पुन्हा? अवं, पोरगी बिमार हाय अन् सांगत नाई! उद्याच सावंगीच्या दवाखान्यात नेतो."

पुढच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. "काकू," रीता हळूच म्हणाली, "एकदा तरी विसरायचं." संध्याकाळी तिनं जसं होतं तसं काम पाठवून दिलं.

सावंगीहून पेढे आले. रीताला दोन महिने झाले होते. म्हणजे तीन तारखेचं बसणंही खोटंच. घरात कळलं की आपले चार दिवस गेले, हे ओळखून तिनं लपवलं होतं.

"पोटात लेकरू, अन् हे बाजूला बसून राह्यली!" भिंतीपलीकडून शोभाबाईंचा आवाज आला. "आता उंबरठा ओलांडून त पाह्यजो!"

२७ ला कॉम्प्युटरवर उत्तर आलं. काम पसंत होतं, पण गप्पांचा प्रोग्राम बंद असताना निरोप आला की सगळंच अडकत होतं. ते तीन दिवसांत सुधारून हवं होतं. मी उत्तर कागदावर उतरवलं, वाटीत घातलं आणि वर शंकरपाळे ठेवून रीतासाठी शेजारी दिलं.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामी वाटी कुणी परत देत नाही; तिच्यात साखर होती. साखरेखाली रीताच्या अक्षरात दुरुस्तीच्या अकरा ओळी, आणि त्या कुणाला पाठवायच्या ते. मला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी टायपिंग शिकवलेलं. एकही ओळ न कळता मी टिंबन् टिंब तीनदा ताडून पाहिलं आणि पाठवलं.

३० ला होकार आला. तोही मी वाटीतून पाठवला.

ह्या वेळी वाटी घेऊन शोभाबाई स्वतः आल्या. "साखर चाळून देल्ली हो, काकू. कागद-बिगद राहू नाई म्हणून."

होकार रीताला पोचला की नाही, हे माझ्या डायरीत नाही. त्या तारखेखाली एवढंच आहे: रीता आली नाही.