काजळी लागलेलं यान

नातवाच्या खेळण्यातल्या चकचकीत अवकाशयानाला नव्या रंगाचा वास येत होता. मला मात्र सांगलीचं थिएटर आठवलं. मी इंजिनिअरिंगला जावं की घरचा ऊस बघावा, हे वडिलांचं, आबांचं, ठरत नव्हतं. कॉलेज बघून झालं, परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून आम्ही इंग्रजी सिनेमाला बसलो. बोलणं दोघांनाही कळेना. तेवढ्यात पडद्यावर भलंमोठं यान आलं. पोटाला पाइप, ठिगळं, काजळी.

आबा पुढं झुकले. "आरं, ह्ये तर आपल्या गुऱ्हाळावानी हाय की! रोज वापरत्यात जणू."

"व्हय आबा."

"मग बिघडतबी आसंल. जा, शीक तू. ऊस मी बघतो."

पुढं देखणी यानं पुष्कळ पाहिली. मनात राहिलं ते काजळीचंच, कारण त्यात आबांना माझ्यासाठी काम दिसलं होतं.